'ढ' कोणाला म्हणावे?

१

मराठी वर्णमालेत 'ढ'इतके बदनाम अक्षर दुसरे नाही. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत येता येता बाकीच्या अक्षरांनी आपली रूपे पालटली. 'ढ' मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून, कितीही शिकवले तरी ज्याच्यात फरक पडत नाही त्या मुलाला 'ढ' म्हणण्याची चाल पडली, असे जाणते लोक सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, तिच्यामागचा तर्क मोठा मासलेवाईक आहे. अक्षर बदलले नाही, तर दोष अक्षराचा. मूल बदलले नाही, तर दोष मुलाचा. लिहिणारा हात आणि शिकवणारे तोंड दोन्ही निर्दोष सुटतात.

ज्यांनी शाळेत चार वर्षे काढली आहेत त्यांना असे एखादे मूल आठवतेच. शेवटच्या बाकावर बसणारे, वाचायची पाळी आली की घशाला कोरड पडणारे, आणि मधल्या सुट्टीत मात्र विटीदांडूचा हिशेब बिनचूक ठेवणारे. आपण त्याला हसलो आणि पुढच्या वर्गात गेलो. ते मूल मागे का राहिले, हे विचारण्याचे कोणाला सुचले नाही. सुचणार तरी कसे? उत्तर आपल्याजवळ तयार होते, आणि ते एका अक्षराचे होते.

परंतु जगात केव्हातरी कोणीतरी हा प्रश्न प्रथम विचारला. तो प्रश्न पुढे समुद्र ओलांडून मुंबईत आला. नागपाड्याला उतरला, दादरला रुजला, परळच्या इस्पितळांत त्याची खोली झाली. या प्रवासाला शंभरांवर वर्षे लागली. तो प्रश्न कोणाच्या मुलांसाठी विचारला गेला, कोणाच्या भाषेत विचारला गेला, आणि कोणाच्या दारापर्यंत पोचायला त्याला सर्वांत जास्त वेळ लागला, याचा हा थोडासा वृत्तान्त आहे. मी काही वैद्यकातला नव्हे. वर्गात उभे राहणारा आणि रात्री कादंबऱ्या लिहिणारा माणूस आहे. पण मूल समजून घेणे हा दोन्ही धंद्यांचा मूळ धडा असल्यामुळे हा विषय मला परका वाटत नाही.

२

पंतोजींच्या काळात 'ढ' मुलगा नव्हता, असे म्हटले तर वाचक दचकतील. छडी होती, अंगठे धरणे होते, दयामाया फारशी नव्हती. तथापि त्या शाळेत इयत्ता नव्हती. गिरगावातल्या एखाद्या ओटीवर निरनिराळ्या वयांची पोरे एकत्र बसत. एक धुळपाटीवर मुळाक्षरे गिरवी, दुसरा पावकी-निमकी घोकी, तिसरा मोडी वळवी. ज्याला जमे तो पुढे जाई, ज्याला न जमे तो बापाच्या धंद्याला लागे. जिथे पहिली-दुसरी नाही तिथे नापास कोण होणार?

इंग्रजी अमदानीत इयत्ता आल्या, नेमलेली पुस्तके आली, आणि दिपोटी आले. १८६५च्या सुमारास मुंबई इलाख्यात खाजगी शाळांना परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. जितकी मुले पास तितके पैसे! पद्धतीचा हेतू शाळांनी नीट शिकवावे हा असेल. परंतु तिच्यामुळे मागे पडणारे मूल हे शाळेच्या जमाखर्चात खर्चाच्या बाजूला गेले. तरीही त्या मुलाचा बोभाटा झाला नाही, कारण शाळेत येणे सक्तीचे नव्हते. १८९७ साली आर्यन एज्युकेशन सोसायटी गिरगावात उभी राहिली, तशा अनेक संस्था निघाल्या. पण तिथे येणारी मुले मुख्यतः ज्यांच्या घरी दौत-टाक होता त्यांची होती. ज्याला जमत नसे तो आपोआप गळे.

आणि गळून जाई कुठे, हेही सांगितले पाहिजे. परळ-लालबागच्या बाजूला गिरण्यांचे भोंगे वाजू लागले होते. १८८१च्या फॅक्टरी कायद्याने ७ वर्षांच्या मुलाला गिरणीत काम करण्याची मुभा होती. १८९१ साली ही मर्यादा ९ वर्षांवर आली. ज्या मुलाला अक्षर लागत नाही त्याला धागा जोडता येत असे. त्या मुलाची अडचण काय आहे हे शोधण्याची गरज कोणालाच नव्हती. गिरणीला नव्हती, शाळेला नव्हती, आणि दोन आणे घरी येत असल्यामुळे आईबापालाही नव्हती.

मग दोन गोष्टी तीन वर्षांच्या अंतराने घडल्या. १९२२ साली कायद्याने १२ वर्षांखालच्या मुलांना गिरणीचे दार बंद झाले. आणि १९२५ साली मुंबई महापालिकेने सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, ते एफ आणि जी या वॉर्डांत. म्हणजे परळ, शिवडी, दादर, माहीम, वरळी या टापूत. एक दार बंद झाले आणि दुसऱ्या दारातून आत यायची सक्ती झाली. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांची सगळी मुले, हुशार आणि मंद, ऐकू येणारी आणि न येणारी, झटके येणारी आणि भुकेली, प्रथमच एका फळ्यापुढे बसली. 'ढ' मुलगा जन्माला आला तो या दिवशी, असे म्हणायला हरकत नाही. तो आधीही होता; पण तो दिसू लागला तो शाळा सर्वांची झाली तेव्हा.

३

हीच गोष्ट पॅरिसमध्ये चाळीस वर्षे आधी घडली होती. फ्रान्समध्ये १८८२ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, आणि वर्गात मागे राहणाऱ्या मुलांचे काय करायचे हा प्रश्न सरकारपुढे आला. १९०४ साली त्यासाठी एक समिती नेमण्यात आली. तिच्यात आल्फ्रेड बिने नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. कोणते मूल खरोखरच साध्या वर्गात शिकू शकत नाही आणि कोणते मूल केवळ आळशी, खोडकर किंवा मास्तरांना नावडते आहे, हे मास्तरांच्या मतावर न सोडता कसे ठरवावे, असा तो पेच होता. १९०५ साली बिने आणि त्यांचे सहकारी थिओडोर सिमाँ यांनी ३० छोट्या छोट्या कसोट्यांची एक मालिका प्रसिद्ध केली. ऐकलेले आकडे पुन्हा म्हणणे, दोन वस्तूंतला फरक सांगणे, अशा त्या साध्या गोष्टी होत्या. १९०८ साली त्यांनी त्या कसोट्या वयानुसार लावल्या, १९११ साली पुन्हा सुधारल्या, आणि त्याच वर्षी ५४व्या वर्षी बिने वारले.

बिने यांचे म्हणणे लक्षात ठेवण्यासारखे आहे. बुद्धी ही जन्माला येतानाच ठरलेली, कधीही न वाढणारी पुंजी आहे, हे मत त्यांना मान्य नव्हते. वाकडा पाय सरळ करण्यासाठी जसा व्यायाम असतो तसा मनालाही देता येतो, असे ते मानीत, आणि मागे राहिलेल्या मुलांसाठी तसे पाठही त्यांनी आखले. त्यांची कसोटी म्हणजे वैद्याने नाडी पाहण्यासारखी होती. औषध द्यायचे म्हणूनच नाडी पाहायची.

पण हत्यार एकदा हातातून सुटले की ते कोणाच्या हाती जाईल याचा नेम नसतो. जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी १९१२ साली मुलाच्या बौद्धिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची युक्ती काढली. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९१६ साली त्या भागाकाराला शंभराने गुणून बुद्ध्यंक रूढ केला. पाहता पाहता मुलाच्या जागी आकडा आला. हेन्री गोडार्ड यांनी तर न्यूयॉर्कच्या बंदरावर बोटीतून उतरणाऱ्या परदेशी लोकांवर या कसोट्या चालवल्या. कित्येक दिवस समुद्रात हेलकावे खाल्लेली, भाषा न कळणारी, भ्यालेली माणसे; त्यांतली कितीतरी मंदबुद्धी ठरली! मूल का शिकत नाही हे पाहण्यासाठी निर्माण झालेली कसोटी, कोणाला दारातूनच परत पाठवावे हे सांगू लागली.

४

आपल्या इलाख्यात हे शास्त्र आले ते धारवाडच्या वाटेने. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते, आणि तिथले व्ही. व्ही. कामत हे शिक्षणक्षेत्रातले गृहस्थ मराठी आणि कानडी मुलांसाठी बिनेची कसोटी नव्याने बसवण्याच्या कामाला लागले. त्यांचा इंग्रजी ग्रंथ 'मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन' १९४० साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने छापला. ती कसोटी बिने-कामत या नावाने आजही भारतातल्या अनेक दवाखान्यांत वापरली जाते.

हे काम नुसत्या भाषांतराचे नव्हते, हे कळण्यासाठी एक उदाहरण पुरे. टर्मन यांच्या १९१६च्या मालिकेत आठ वर्षांच्या मुलाला कागदावर एक वर्तुळ दाखवीत आणि सांगत, हे गवताचे मैदान, यात तुझा चेंडू हरवला आहे, तो शोधायला तू कसकसा चालशील ते पेन्सिलीने काढ. आता लालबागच्या चाळीतल्या मुलाला विचारा! त्याचा चेंडू गवतात कधी हरवतच नाही. तो गटारात जातो, पत्र्यावर जातो, नाहीतर तळमजल्यावरच्या काकूंच्या खोलीत जातो. तो शोधायला पद्धतशीर फेऱ्या मारण्यापेक्षा, आज काकूंचा राग कितपत आहे याचा अंदाज घेणे अधिक अकलेचे असते. त्या अकलेला वर्तुळात गुण नाहीत. यासाठी प्रत्येक प्रश्न इथल्या मुलांना प्रत्यक्ष विचारून, कोणत्या वयाची बहुतेक मुले तो सोडवतात हे पाहून, त्याची जागा ठरवावी लागते. हे कष्ट कामतांनी घेतले. ज्या काळात बुद्धी मोजायची तर इंग्रजीतच असे समीकरण होते, त्या काळात मराठी मुलाला मराठीत प्रश्न विचारला पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

तथापि यालाही एक मर्यादा होती. जी मुले मोजून मापदंड ठरला ती मुले कधीच आजोबा झाली. जग बदलले, मुलांच्या हातातली खेळणी बदलली, आणि जुन्या गजाने नवे कापड मोजणे सुरूच राहिले. पुढे नागपूरला डॉ. आर्थर मालिन यांनी वेक्स्लर यांच्या कसोटीची भारतीय आवृत्ती १९६९ साली तयार केली, तिचाही वापर पुढे कित्येक दशके तसाच चालला. गज जुना झाला म्हणून तज्ज्ञ कुरकुरत राहिले. नवा गज बनवायला मात्र पैसा आणि माणसे दोन्ही अपुरी पडली.

५

आता मुंबईत या. मुंबई सेंट्रल आणि भायखळा यांच्या मधे नागपाडा आहे. तिथे क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन गृहस्थांच्या देखरेखीखाली नेबरहुड हाउस ही वस्तीत राहून काम करणारी संस्था चालत असे. तिथेच १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. या शाळेने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र उघडले. भारतातले ते पहिले. पाठोपाठ १९३८ साली जे. जे. रुग्णालयात डॉ. के. आर. मसानी यांनी मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग चालू केला. वेड्यांच्या इस्पितळाच्या भिंतीबाहेर, सामान्य रुग्णालयात, खोकल्याच्या आणि तापाच्या रांगेशेजारी मनाचीही रांग लागू शकते, ही त्या काळात मोठीच गोष्ट होती.

बालमार्गदर्शन केंद्रांची पद्धत अशी की तिथे एकटा डॉक्टर निकाल देत नाही. डॉक्टर शरीर पाहतो, मानसशास्त्रज्ञ कसोट्या घेतो, आणि समाजकार्यकर्ता मुलाच्या घरी जाऊन येतो. घरी जाण्याचे महत्त्व गिरणगावात राहिलेल्यांना सांगायला नको. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे, बाप रात्रपाळी करून दिवसा झोपलेला, त्यामुळे मुलांनी मोठ्याने वाचायचे नाही! अशा मुलाला वाचन येत नाही याचे कारण मेंदूत शोधायचे की खोलीत, हे घर पाहिल्याशिवाय कोण सांगणार?

याच सुमारास, १९३६ साली, ताराबाई मोडकांनी दादरला शिशुविहार सुरू केले. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सहवासात बालशिक्षणाचे पाठ घेऊन आल्या होत्या, आणि त्या पाठांच्या मुळाशी माँटेसोरीबाई होत्या. येथे इतिहासाने एक मौजेची गाठ मारून ठेवली आहे. एकोणिसाव्या शतकात एदुआर सेग्विन या फ्रेंच वैद्याने मंदबुद्धी मुलांना शिकवण्यासाठी अनेक साधने तयार केली. त्यांत एक लाकडी फळी होती; तिच्यात निरनिराळ्या आकारांच्या खाचा आणि त्या खाचांत बसणारे ठोकळे. माँटेसोरीबाईंनी सेग्विनचे ग्रंथ अभ्यासले, त्याची साधने रोममधल्या मंद मुलांसाठी वापरली, आणि मग त्यांना प्रश्न पडला की जी साधने या मुलांना इतकी उपयोगी पडतात ती सर्वच मुलांना का देऊ नयेत? १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो भागातल्या कामगारांच्या चाळीत त्यांचे पहिले बालगृह निघाले.

तीच फळी पुढे दोन वाटांनी जगभर गेली. बालवाडीत ती खेळणे झाली. मानसशास्त्रज्ञाच्या टेबलावर ती कसोटी झाली. दहा ठोकळे, तीन वेळा लावायला सांगायचे, आणि सर्वांत कमी लागलेला वेळ टिपायचा. एकाच वस्तूपुढे एक मूल आनंदाने बसते आणि दुसरे भीतीने. फळी तीच, समोर बसलेल्या मोठ्या माणसाच्या मनात काय आहे यावर तिचे खेळणे होते किंवा तराजू होतो. मुलांची पारख करणाऱ्या प्रत्येकाने ही फळी टेबलावर ठेवावी आणि तिचे कूळ विसरू नये.

१९४४ साली वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने मतिमंद मुलांसाठी शाळा सुरू केली. शिवडीची जय वकील शाळा ती हीच. मूल मंद आहे असे ठरल्यानंतर पुढे काय, या प्रश्नाला मुंबईने दिलेले हे पहिल्या उत्तरांपैकी एक. नाहीतर निदान झाले आणि वाट बंद झाली, असे होण्यात निदानाचा काय उपयोग?

६

परळला १९२६ साली के. ई. एम. रुग्णालय उभे राहिले आणि १९२९ साली बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय. त्या काळी तिथे येणाऱ्या आईचा प्रश्न एकच असे, पोर वाचेल ना? क्षयाचा मेंदूज्वर झालेले मूल तेव्हा बहुधा दगावतच असे. १९४०नंतरच्या दशकाअखेर स्ट्रेप्टोमायसिन आले आणि अशी मुले वाचू लागली. पुढे अपुऱ्या दिवसांची, दीड किलोचीदेखील मुले जगू लागली. मूल जगले, पण आजाराने मेंदूवर आपली खूण ठेवलेली असे. आईच्या प्रश्नात एक वेलांटीचा फरक पडला नाही, पण अर्थ पालटला. पोर वाचेल ना, याचा आता दुसरा अर्थ झाला.

या दुसऱ्या अर्थाने वाचण्याच्या प्रश्नासाठी दोन प्रकारची माणसे लागतात. पहिली, तान्ह्या मुलाची वाढ पारखणारी. बडोद्याला डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय अर्भकांच्या वाढीची मोजपट्टी १९७०च्या सुमारास तयार केली आणि १९९७च्या सुमारास ती सुधारली. मान धरणे, बसणे, उभे राहणे अशा शारीरिक हालचालींच्या ६७ आणि बघणे, ओळखणे, बोलणे अशा मानसिक बाबतींच्या १६३ पायऱ्या तिच्यात आहेत. नाजूक अवस्थेत जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा करणारे दवाखाने ती आजही वापरतात. ती आपल्याकडच्या मुलांना पाहून बनली, हा तिचा मोठा गुण.

दुसरी माणसे म्हणजे न्यूरोसायकॉलॉजिस्ट. नाव जड आहे. आपण मेंदूचा मानसतज्ज्ञ म्हणू. मेंदूच्या अमुक भागाला इजा झाली तर वाचा जाते, हे पॉल ब्रोका यांनी १८६१ साली दाखवले. दुसऱ्या महायुद्धात डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांवर उपचार करताना अलेक्झांडर लुरिया यांनी त्याच्या पुढचे पाऊल टाकले. माणूस एखादी गोष्ट करू शकत नाही एवढे नोंदून ते थांबत नसत. करताना तो नेमका कुठे अडखळतो ते पाहत. मुलांच्या बाबतीत हीच दृष्टी कामाची आहे. १८९६ साली इंग्लंडमध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. मुलगा चलाख, आकडे झरझर वाचणारा; पण शब्द वाचता येईना, स्वतःच्या नावातली अक्षरेदेखील उलटसुलट करी. सर्व शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत होते. अशा अडचणींना 'लर्निंग डिसॅबिलिटी', म्हणजे अध्ययन-अक्षमता, हे नाव सॅम्युअल कर्क यांनी १९६३ साली रूढ केले.

हा मानसतज्ज्ञ करतो काय, हे आमच्या वर्गातल्या भाषेत सांगतो. समजा, शुद्धलेखनाला वाक्य घातले, 'धनगराने धोतर धुतले.' एक मुलगा लिहितो, 'दनगराने दोतर दुतले.' दुसरा लिहितो, 'धनगराने धोतर' आणि पेन्सिल चावत बसतो. तिसरा लिहितो, 'घनगराने घोतर घुतले.' तिघांच्याही वहीवर लाल रेघ, तिघांनाही शेरा एकच. पण पहिल्याच्या कानाला द आणि ध यांतला फरक लागत नसेल. त्याची श्रवणाची तपासणी आधी झाली पाहिजे. दुसऱ्याला ऐकलेले मनात धरून ठेवता येत नसेल. तिसऱ्याचे कान आणि स्मरण ठीक. ध आणि घ यांची चित्रे त्याच्या डोळ्यांपुढे एकमेकांत मिसळत असतील. मानसतज्ज्ञ आकडे सुलट-उलट म्हणवून घेतो, आकृत्या उतरवायला लावतो, रंगीत ठोकळ्यांचे नमुने जुळवायला देतो, गोष्ट सांगून मग विचारतो. यांतून धागा कुठे तुटतो ते त्याला सापडते. बुद्धी किती, यापेक्षा बुद्धी कोणत्या वळणाने चालते, हे त्याचे उत्तर असते. आणि तिघांना तीन निरनिराळे उपाय सांगतो.

चौथाही एक मुलगा आहे. तो लिहितो, 'धनगरान धोतर धुतल्यान.' याच्या कानात, डोळ्यांत, मेंदूत कुठेही काही बिघाड नाही. तो सावंतवाडीकडची मालवणी बोलतो, एवढेच. ज्या तज्ज्ञाला मालवणी ठाऊक नाही तो हे वाक्य चुकीचे मोजील. आपल्या मराठीत तर आणखी गमती आहेत. 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि म्हणायची मागून; जोडाक्षरात र कधी डोक्यावर, कधी पोटात, कधी पायाशी. इंग्रजीसाठी तयार केलेल्या वाचनाच्या कसोट्यांना या अडचणींचा पत्ताच नसतो.

७

हा चौथा मुलगा या सगळ्या हकीकतीचा मुद्दा आहे. १९९६ साली महाराष्ट्र सरकारने अध्ययन-अक्षम मुलांना परीक्षेत सवलती देण्यास सुरुवात केली. वाढीव वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांची माफी, एखाद्या भाषेऐवजी कार्यानुभव, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित, अशा त्या सवलती. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, आणि पुढे परळच्या के. ई. एम.मध्ये, अध्ययन-अक्षमतेची केंद्रे चालू लागली. डॉ. माधुरी कुलकर्णी, डॉ. सुनील करंदे यांच्यासारख्या बालरोगतज्ज्ञांनी हे काम महापालिका रुग्णालयाच्या केसपेपरवर आणले. तिथे मुलाचे डोळे-कान तपासतात, मज्जासंस्था पाहतात, मानसतज्ज्ञ बुद्धीची कसोटी घेतो, विशेष शिक्षक वाचन-लेखन-गणित पाहतो, आणि मग सगळे मिळून मत देतात. नागपाड्याची जुनी पद्धत नव्या रूपाने पुन्हा आली, असे म्हटले तरी चालेल.

परंतु या केंद्रांत कोणाची मुले येत? मुख्यतः इंग्रजी माध्यमाची. याचे कारण तिथल्या डॉक्टरांनीच आपल्या लेखांतून सांगितले आहे. देशी भाषांत वाचन-लेखनाच्या प्रमाणित कसोट्याच नव्हत्या. रुग्णालय परळचे, रांग महापालिकेची, पण परळच्या महापालिका शाळेतल्या मराठी मुलाची अडचण सिद्ध करायला हत्यार नव्हते! कामतांनी १९४० साली बुद्धी मराठीत मोजण्याचा पाया घातला. मराठी वाचन पारखण्याची साधने मिळायला मात्र २०१५ साल उजाडावे लागले. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने नंदिनी चॅटर्जी सिंह यांच्या मार्गदर्शनाखाली हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांसाठी 'डाली' नावाचा कसोट्यांचा संच काढला. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी तो आहे. पुढच्याच वर्षी, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगतांत अध्ययन-अक्षमतेचा समावेश केला.

या पाऊणशे वर्षांत काय झाले असेल? ज्यांच्या घरी इंग्रजी होते आणि फी होती, त्यांच्या मुलाच्या अडचणीला एक शास्त्रीय नाव मिळाले, प्रमाणपत्र मिळाले, वेळ वाढवून मिळाला. गिरणगावातल्या त्याच प्रकारच्या मुलाच्या अडचणीला जुनेच नाव राहिले, ते एका अक्षराचे. १९८२च्या संपानंतर तर त्याला गळून पडायला गिरणीही उरली नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचे नाही असे ठरले. हेतू दयेचा होता. पण अडचण न शोधता पुढे ढकललेले मूल नववीत एकदम उघडे पडू लागले. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन राज्यांना पाचवी-आठवीला पुन्हा मुले थांबवण्याची मोकळीक मिळाली. मूल पुढे न्यावे की मागे ठेवावे यावर भांडणे झाली. ते अडले कुठे, हे पाहणाऱ्या माणसांची संख्या किती वाढवायची यावर फारसे कोणी भांडले नाही.

८

कोणी म्हणेल, प्रत्येक शाळेला मानसतज्ज्ञ कुठून आणायचा? प्रश्न रास्त आहे. एका वर्गात पन्नास मुले, आणि शहरात असे तज्ज्ञ थोडे. शिवाय तपासणीचा कागदही दुधारी असतो. त्याने मुलाला वेळ मिळू शकतो, आणि 'याला ते आहे ना, मग शिकवून काय उपयोग' असे म्हणायला सबबही मिळू शकते. गोडार्ड अजून बंदरावरून हललेले नाहीत.

म्हणून मला बिने यांच्या मूळ कामाकडे परत जावेसे वाटते. त्यांनी मास्तरांच्या मतावर विसंबू नये म्हटले हे खरे. पण मास्तरांनी पाहणे सोडावे असे म्हटले नाही. वर्षभर रोज पाच तास ते मूल ज्याच्यासमोर असते, तो शिक्षक एक गोष्ट आजही, पैशावाचून, करू शकतो. प्रगतिपुस्तकात 'अभ्यासात कच्चा', 'लक्ष देत नाही' ही विशेषणे लिहिण्याऐवजी त्याने काय घडले ते लिहावे. तोंडी गणित बरोबर, लेखी चुकते. फळ्यावरचे उतरवताना ओळी गाळतो. द-ध यांत गोंधळ. घरी मालवणी बोलतो. गोष्ट ऐकून नीट सांगतो, वाचून सांगता येत नाही. अशा चार ओळींचा कागद घेऊन आई जेव्हा परळच्या रांगेत उभी राहील, तेव्हा आत बसलेल्या तज्ज्ञाचे निम्मे काम झालेले असेल. आणि ज्या आईला ती रांग गाठता येणार नाही, तिच्या मुलाला निदान पुढच्या वर्षीच्या मास्तरांच्या हाती एका अक्षरापेक्षा अधिक काहीतरी सोपवले जाईल.

'ढ' अक्षर दोन हजार वर्षांत फारसे बदलले नाही, यात त्याची काही चूक नाही. पहिल्यापासूनच ते वाचता येण्याजोगे होते.